फोनच्या सातबाऱ्यावर कुणाचा बोजा?

नाशिकमध्ये सातपूरच्या श्रमिकनगरात आमच्या गल्लीतला एक पोरगा घरोघर पार्सलं पोहोचवतो. दिवाळीनंतर त्याने महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानातून आठ हजारांना जुना फोन घेतला. दुकानदाराने समोर चालू करून दाखवला, कॅमेरा दाखवला, आवाज मोठा करून वाजवून दाखवला. घरी येऊन पोराने वायफाय जोडलं आणि थोड्याच वेळात फोन आपोआप पुसला जाऊन पहिल्या पडद्यावर येऊन बसला. आता त्यावर लिहिलं होतं की हे डिव्हाइस तुमच्या संस्थेच्या मालकीचं आहे. खाली परगावच्या कुठल्याशा कंपनीचं नाव आणि एक नंबर.

"काका, माझी कसली संस्था? मी तर साध्या भिशीतपण नाही," म्हणत तो फोन घेऊन माझ्याकडे आला.

माझ्याकडेच आला, कारण अंबडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळणं ही माझी नोकरी. फोन 'संस्थेचे' करण्याचं काम मी स्वतःच करतो. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण हा विषय आता फक्त कंपन्यांचा राहिलेला नाही. २०२५च्या सप्टेंबरात बातम्या आल्या की कर्जावर घेतलेल्या फोनचे हप्ते थकले तर तो दुरून बंद करायची मुभा कर्ज देणाऱ्यांना द्यावी का, याचा रिझर्व्ह बँक विचार करते आहे. २०२४मध्ये बँकेने हाच प्रकार थांबवायला सांगितलं होतं, असंही त्याच बातम्यांत होतं. ऑक्टोबरात गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी दोन्ही बाजू तपासत असल्याचं सांगितलं. बातमी वाचून आमच्या कॅन्टीनमध्ये पहिला प्रश्न आला तो असा: माझ्या खिशातला फोन मुंबईत बसलेला माणूस बंद करणार तरी कसा?

कब्जेदार एक, इतर हक्क दुसऱ्याचे

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला हे समजावणं सोपं आहे. सातबाऱ्यावर कब्जेदाराचं नाव असतं आणि बाजूला 'इतर हक्क' असा रकाना असतो. जमीन तुम्ही कसता, द्राक्षं तुम्ही काढता, पण सोसायटीचं कर्ज असेल तर त्या रकान्यात बोजा चढलेला असतो. बांधावर उभं राहून तो दिसत नाही, उतारा काढल्यावर दिसतो.

फोनलाही असा एक 'इतर हक्क'चा रकाना आहे. फोन तुमच्या हातात, सिम तुमचं, फोटो तुमचे. पण फोनच्या आत एक नोंद असू शकते की अमुक सर्व्हरच्या आज्ञा पाळायच्या. अशा नोंदीच्या जोरावर दूर बसून फोनच्या सेटिंग्ज लावणं, ॲप टाकणं-काढणं, फोन लॉक करणं किंवा पार पुसून टाकणं याला मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट म्हणतात, थोडक्यात एमडीएम. सर्व्हर म्हणजे पलीकडे बसलेला कॉम्प्युटर, एवढंच धरून चाला. नोंद नसेल तर कुणीही ही आज्ञा देऊ शकत नाही. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

नोकियाच्या काळातली चिठ्ठी

सुरुवात बरीच जुनी आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी नवीन सिम टाकलं की कंपनीकडून एक विचित्र मेसेज यायचा: 'कॉन्फिगरेशन सेटिंग्ज आल्या आहेत, सेव्ह करायच्या का?' पिन मागायचा, आपण १२३४ टाकायचो आणि जीपीआरएस, म्हणजे तेव्हाचं फोनवरचं इंटरनेट, सुरू व्हायचं. नाही झालं तर कस्टमर केअरला फोन करून 'सेटिंग परत पाठवा' म्हणायचं. तो साधा मेसेज नव्हता. फोनने वाचून स्वतःच्या पोटात भरून घ्यायची ती चिठ्ठी होती. इंटरनेटचा पत्ता काय, मेसेज सेंटर कुठलं, सगळं त्यात असायचं.

ती चिठ्ठी कशी लिहायची हे सगळ्या फोन कंपन्यांनी मिळून ठरवलं होतं. नोकियाची एक भाषा आणि मोटोरोलाची दुसरी असती, तर सिम कंपन्यांना वेड लागलं असतं. अशा सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या पद्धतीला मानक म्हणतात. २००० साली आयबीएम, नोकिया, एरिक्सन, मोटोरोला वगैरेंनी सिंकएमएल नावाचा उपक्रम काढला. २००२ मध्ये ओपन मोबाइल अलायन्स ही संघटना उभी राहिली आणि हे काम तिच्याकडे आलं. त्यातून जे मानक घडलं त्याचं नाव ओएमए डीएम.

चिठ्ठी एकतर्फी होती. पाठवली, पुढे काय झालं ते पाठवणाऱ्याला कळत नसे. ओएमए डीएममुळे दोन्ही बाजूंनी बोलणं सुरू झालं.

सर्व्हर मिस्ड कॉल देतो

हे बोलणं कसं चालतं ते नीट पाहण्यासारखं आहे. लोकांना वाटतं सर्व्हर फोनमध्ये 'घुसतो'. प्रत्यक्षात सर्व्हर मिस्ड कॉल देतो आणि फोन परत कॉल करतो.

म्हणजे असं. सर्व्हरकडून फोनला एक छोटा, न दिसणारा मेसेज जातो. त्यात काम काय आहे ते लिहिलेलं नसतं, फक्त 'अमुक बोलतोय, मला कॉल कर' एवढीच खूण. फोन आपल्या आतल्या नोंदीत बघतो की या नावाचा सर्व्हर माझ्याकडे सेव्ह आहे का. असेल तर तिथे सेव्ह असलेल्याच पत्त्यावर इंटरनेटने जातो आणि विचारतो, बोला, काय काम आहे? अनोळखी नंबरच्या मिस्ड कॉलला शहाणा माणूस परत फोन करत नाही, तसाच फोनही करत नाही.

कॉल लागला की दोघं आपापली ओळख पटवतात आणि मग कामाचं बोलतात. फोनच्या आत सगळ्या सेटिंग्ज झाडासारख्या लावलेल्या असतात. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर, तशा फांद्या. सर्व्हरला फोनचं सॉफ्टवेअर कुठलं ते हवं असेल तर तो 'डेव्हडिटेल' या फांदीवरच्या 'एसडब्ल्यूव्ही' या पानाचा उतारा मागतो. आज्ञा मोजक्याच आहेत आणि तलाठी कार्यालयात बसलेल्याला त्या ओळखीच्या वाटतील: उतारा दे, नवी नोंद घाल, नोंद बदल, नोंद काढून टाक, आणि अमुक गोष्ट प्रत्यक्ष अंमलात आण. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गावात अजून तरी 'तलाठीभाऊसाहेब'च.) फोनचं सॉफ्टवेअर हवेतून बदलण्यासाठी एक फांदी आहे, लॉक करणं आणि पुसणं यासाठी वेगळी. रात्री चार्जिंगला लावलेला फोन सकाळी 'अपडेट झालं' म्हणतो, त्याच्या मागे हीच कल्पना आहे.

ॲपलने २०१० मध्ये आयओएस ४ सोबत स्वतःची पद्धत आणली आणि त्याच वर्षी अँड्रॉइड २.२मध्ये गूगलनेही पहिली पायरी बांधली. दोघांची भाषा वेगळी, पण चाल तीच. मिस्ड कॉल आता एसएमएसऐवजी नोटिफिकेशनच्या रस्त्याने जातो. विंडोजवाले मात्र अजूनही ओएमए डीएमच्याच भाषेत बोलतात. फोनपेक्षा कितीतरी दुबळ्या यंत्रांसाठी, म्हणजे बॅटरीवर वर्षानुवर्षं चालणारे सेन्सर, मीटर वगैरेंसाठी, त्याच संघटनेने २०१७ मध्ये लाइटवेट एमटूएम नावाचं हलकं मानक काढलं. द्राक्षबागेत मातीचा ओलावा मोजणाऱ्या यंत्राची सेटिंग बदलायला दर वेळी माणूस दिंडोरीला धाडणं परवडत नाही, हे उघड आहे.

बोजा चढतो तो पहिल्या पडद्यावर

आमच्या कारखान्यात लाइनवर चाळीस टॅब आहेत. जॉबकार्ड आणि तपासणीच्या नोंदी त्यावर भरतात. एमडीएम नव्हतं तेव्हा दुसऱ्या पाळीत त्यावर क्रिकेट चालायचं, हे मी स्वतः पाहिलंय. (स्कोअर मीही विचारायचो, ते सोडा.)

आता नवीन टॅब आला की मी खोक्यातून काढतो आणि चालू करतो. पहिलाच पडदा येतो, नमस्कार म्हणणारा. 'पुढे' न दाबता मोकळ्या जागी एकाच ठिकाणी सहा वेळा टिचकी मारतो. कॅमेरा उघडतो, माझ्या लॅपटॉपवरचा क्यूआर कोड त्याला दाखवतो. टॅब वायफायला लागतो, आमचं ॲप उतरवून घेतो आणि विचारतो की हे डिव्हाइस संस्थेचं होणार, मान्य आहे का? मान्य केलं की संपलं. त्या क्षणापासून तो टॅब आमचा. त्यावर जॉबकार्डखेरीज काही उघडत नाही, यूट्यूब तर नाहीच.

मुद्दा त्या पहिल्या पडद्याचा आहे. संपूर्ण ताबा देणारी नोंद अँड्रॉइडमध्ये साधारणपणे याच वेळी होते, फोन कोरा असताना. तुम्ही सहा महिने वापरलेल्या फोनवर, तुमचं गूगल खातं त्यात असताना, कुणी गुपचूप असा ताबा घेऊ शकत नाही. म्हणून हप्त्यावर फोन विकणारा दुकानदार सील फोडून फोन स्वतः चालू करून, सगळं लावून तुमच्या हातात देतो तेव्हा त्याचा हात कुठे कुठे फिरतोय ते बघत उभं राहावं. बहुतेकजण तेव्हा टफन ग्लास निवडत असतात.

दुसरा प्रकार सौम्य आहे. फोन तुमचा, पण ऑफिसचा मेल त्यावर हवा. अशा वेळी अँड्रॉइडमध्ये 'वर्क प्रोफाइल' बनतं. तुमच्या वाड्यातली एक खोली ऑफिसने भाड्याने घेतली असं समजा. त्या खोलीला ऑफिसचं कुलूप, आत ऑफिसचं सामान. ॲपच्या चित्रावर छोटी ब्रीफकेस दिसते ती त्या खोलीतली. नोकरी सोडली की ऑफिस खोली रिकामी करतं, तुमच्या माजघरात येत नाही.

"मग साहेब माझं व्हॉट्सअॅप वाचतात का?"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो, बहुधा खाजगी आवाजात. उत्तर: या आज्ञांमध्ये 'मेसेज वाच' किंवा 'फोटो दाखव' अशी आज्ञाच नाही. कंपनीच्या फोनवर मला मॉडेल दिसतं, सॉफ्टवेअर कुठलं ते दिसतं, आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर) दिसतो, कुठली ॲप टाकलीत त्यांची यादी दिसते. खोली भाड्याने घेतलेल्या खाजगी फोनवर मला फक्त खोलीतलं दिसतं.

पण इथे थांबलो तर अर्धवट सांगितल्यासारखं होईल. फोन पूर्ण कंपनीचा असेल तर कंपनी त्यावर तुम्हाला न विचारता ॲप टाकू शकते आणि ते ॲप काय करतं हा वेगळा विषय. इंटरनेटचा रस्ता कंपनीमार्गे वळवता येतो. म्हणून कंपनीच्या फोनवर बायकोशी भांडू नये असं मी सगळ्यांना सांगतो, नव्या मॅनेजरलासुद्धा.

"रीसेट मारला की झालं ना?"

महात्मा गांधी रोडवर हा उपाय पन्नास रुपयांत मिळायचा, आता काही दुकानांत पाचशे घेतात. बोजा जर फक्त फोनच्या आतच असेल तर रीसेटने कधी कधी जातोही. पण मोठ्या संख्येने घेतलेल्या फोनचा बोजा फोनच्या बाहेर लिहिलेला असतो. गूगलची झिरो टच म्हणून सोय आहे, ॲपलची स्वतःची आहे, सॅमसंगची आहे. फोनचा आयएमईआय किंवा सिरियल नंबर त्यांच्या यादीत कंपनीच्या नावापुढे नोंदलेला असतो. कोरा फोन पहिल्यांदा इंटरनेटला लागला की तो यादीत विचारतो, मी कुणाचा? यादी म्हणते, अमक्यांचा. सातबाऱ्याची तुमच्या घरातली झेरॉक्स फाडली म्हणून बोजा उतरत नाही, तसं.

पोराच्या फोनचं नेमकं हेच झालं. दुकानदाराने इंटरनेट न जोडता फोन चालू केला, म्हणून दुकानात तो शहाण्यासारखा वागला. घरचं वायफाय लागलं, फोनने यादीत विचारलं आणि उत्तर आलं. दुकानदाराला हे ठाऊक होतं की नव्हतं ते मी सांगू शकत नाही. मात्र जुना फोन घेताना काउंटरवर आपल्याच हॉटस्पॉटला जोडून, तिथल्या तिथे रीसेट मारायला लावून, चहा पिईपर्यंत थांबायला काय हरकत आहे?

"चोरीला गेलेला फोन पोलिस बंद करतात, तेच हे ना?"

नाही, आणि ही गल्लत फार होते. संचार साथी पोर्टलवर तक्रार केली की फोनचा पंधरा आकडी आयएमईआय काळ्या यादीत जातो (तुमचा बघायचा असेल तर *#०६# दाबा). ही सोय १७ मे २०२३ पासून देशभर आहे. तिथे फोनला कुणी हात लावत नाही. मोबाइल कंपन्यांचे टॉवर त्याला आत घेत नाहीत, इतकंच. वायफायवर तो फोन चालतो. म्हणजे गावच्या वेशीवर नाव सांगून ठेवल्यासारखं. एमडीएमचं कुलूप घराच्या दाराला असतं. वेशीचा त्याच्याशी संबंध नाही, कुठलंही सिम टाका, वायफाय लावा, दार उघडत नाही.

"चावी चोराच्या हातात गेली तर?"

रास्त भीती आहे आणि तसं घडण्याच्या बेतात आलंही होतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक हॅट या कॉम्प्युटर सुरक्षेच्या परिषदेत दोन संशोधकांनी दाखवलं की अनेक फोनमध्ये ओएमए डीएमची ओळख पटवण्याची किल्ली आयएमईआय आणि एका ठरावीक गुपितापासून बनवलेली होती. आयएमईआय हा काही गुप्त नंबर नव्हे, खोक्यावर छापलेला असतो. म्हणजे दाराला कुलूप आहे, पण किल्ली सगळ्या गल्लीत एकाच साच्याची.

पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने नोकियाच्या काळातल्या त्या चिठ्ठीचाच विषय काढला. सॅमसंग, हुआवे, एलजी, सोनीच्या काही अँड्रॉइड फोनवर कुणीही सिम कंपनीचा आव आणून सेटिंगची चिठ्ठी पाठवू शकत होता. मालकाने 'हो' दाबलं की फोनचं इंटरनेट चोराच्या रस्त्याने जायचं. दुरुस्त्या आल्या, पण शिकण्यासारखं एकच: न मागितलेली सेटिंग आली तर 'हो' दाबू नका. आपण तेव्हा १२३४ किती बिनधास्त टाकायचो!

आपल्याकडे आज चालणारी फसवणूक मात्र याहून साधी आहे. व्हॉट्सअॅपवर ई-चलनाच्या नावाने ॲपची फाइल येते. ती टाकली की ॲप परवानग्या मागत सुटतं, कधी त्यात 'डिव्हाइस ॲडमिन', म्हणजे फोनवर हुकूम चालवू देणारी परवानगीसुद्धा असते. मानकाचा इथे दोष नाही. दार उघडून आपणच चोराला आत घेऊन चहा पाजतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये वर शोधायच्या चौकटीत 'डिव्हाइस ॲडमिन' टाका, यादी उघडेल. ओळखीचं नसलेलं नाव त्यात दिसलं तर आधी तिथून त्याची परवानगी काढा, मग ॲप. आयफोनवाल्यांनी सेटिंग्ज, जनरल, आणि मग 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट' बघावं.

"हप्ता थकला तर फोन बंद करणं बरोबर आहे का?"

तंत्राने हे सहज होतं, ते आपण पाहिलं. माझं स्वतःचं मत दोन्हीकडे ओढलं जातं. पाच-दहा हजारांसाठी वसुलीवाला दारात येऊन शेजाऱ्यांसमोर तमाशा करतो, त्यापेक्षा मुकं कुलूप बरं, असंही वाटतं. दुसरीकडे, ट्रॅक्टर ओढून नेला तर निदान बैल राहतात. पार्सलवाल्या पोराचा फोन बंद झाला की ऑर्डर बंद, यूपीआय बंद, त्या दिवसाची कमाई बंद, आणि मग हप्ता भरायचा कशातून? आणीबाणीचा कॉल अशा कुलपात चालू ठेवतात, पण पोट त्यावर भरत नाही.

ज्याची मला जास्त काळजी वाटते तो भाग चर्चेत फारसा येत नाही. सोसायटीचं कर्ज फिटलं की दाखला घेऊन तलाठ्याकडे जायचं आणि फेरफार करून बोजा कमी करून घ्यायचा, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या आजोबांनाही माहीत असतं. फोनचा शेवटचा हप्ता भरल्यावर बोजा उतरला की नाही हे किती जण तपासतात? उतरवायचं कुणी, दुकानदाराने, कर्ज कंपनीने की फोन कंपनीने? मुभा द्यायची असेल तर कर्ज फिटल्याच्या दिवशी नोंद निघालीच पाहिजे आणि ती निघाल्याचं लेखी मिळालं पाहिजे, असं मला वाटतं. ते नसेल तर हा फोन पुढे ज्याच्या हाती जाईल त्याची गत श्रमिकनगरच्या पोरासारखी.

त्याच्या फोनवरचा नंबर आम्ही लावला. पलीकडचा माणूस माझ्याच धंद्यातला निघाला, बोलायला चांगला. त्यांच्या कंपनीने जुने फोन एकगठ्ठा भंगारात काढले होते आणि यादीतून नावं काढायची राहून गेली होती. "दोन मिनिटांचं काम आहे, लगेच काढतो," तो म्हणाला. "फक्त आमच्या ऑडिटसाठी सिरियल नंबर आणि खरेदीचं बिल मेल करा."

पोराने माझ्याकडे पाहिलं. बिल हवं तर जीएसटीचे पैसे वेगळे पडतील असं दुकानदाराने सांगितलं होतं, म्हणून पोराने बिल घेतलंच नव्हतं.